शेऱ्याचा रकाना

नवरात्र जवळ आलं की मला आधी रॉकेलचा वास येतो आणि मग झेंडूचा. देवघर सांभाळणाऱ्या माणसांना हे उलटं वाटेल, पण माझी सगळी नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात गेली आहे आणि तिथे नवरात्र म्हणजे मशीन पुसायचे दिवस. खंडेनवमीच्या दुपारी लेथ बंद होतात. वर्षभराचं काळं तेल, कोपऱ्यात घट्ट बसलेला लोखंडाचा चुरा, सगळं रॉकेलच्या बोळ्यांनी काढायचं. आता रॉकेल मिळत नाही, डिझेल वापरतात, पण माझ्या नाकाला ते अजून कळलेलं नाही. मग स्वच्छ लोखंडावर हळदीकुंकवाची बोटं ओढायची, हार घालायचा, पाने, हातोड्या, मोजपट्ट्या टेबलावर ओळीने मांडायच्या आणि नारळ फोडायचा. पूजा केलेलं मशीन त्या दिवशी पुन्हा चालवायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. एरवी आम्ही फारसे नियम पाळणारे लोक नाही.

बाहेर ऑक्टोबरचं ऊन असतं. टेंभी नाक्याच्या अंगाला देवीच्या गर्दीसाठी रस्ते वळवलेले असतात, घोडबंदरवरून येणारी माणसं गाळ्यात शिरता शिरता ट्रॅफिकच्या नावाने खडे फोडतात, संध्याकाळी नव्या सोसायट्यांमधून गरब्याचे स्पीकर एकमेकांवर ओरडत असतात. सगळं शहर नटूनथटून उभं असतं आणि मी मात्र गेली काही वर्षं न चुकता खंडेनवमीला बाहेरची मीटिंग लावून घेते. कधी कल्याणच्या एखाद्या दवाखान्यात मशीन दाखवायला जाते, कधी एखादा पार्ट बघायला अंबरनाथला. शेठ म्हणतात, "तुझ्या नशिबात पूजाच नाही बघ." मी हसते. नशिबाचा काही संबंध नसतो. त्या दिवशी परबमामा गाळ्यात येतात आणि मला त्यांच्यासमोर उभं राहायचं नसतं.

आम्ही व्यायामाची साधनं बनवतो. आरशासमोर दंड फुगवणाऱ्यांसाठी नव्हे. ज्यांचा हात, पाय किंवा अर्धं अंग त्यांचं ऐकत नाही त्यांच्यासाठी. भिंतीवर लावायच्या पुल्या, धरून चालायचे दोन दांडे, खुर्चीत बसल्या बसल्या मारायचं पेडल. मी ती कागदावर काढते आणि बाकीचे लोखंडात आणतात. परबमामा आमचे सगळ्यात जुने टर्नर, लेथवर लोखंडाला आकार देणारे. कारखान्यात वयाने मोठ्या कामगाराला मामा म्हणायची पद्धत आहे, तसे ते सगळ्यांचेच मामा होते. मी नवीन होते तेव्हा माझं पहिलं ड्रॉइंग त्यांनी हातभर लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, हे कागदावर फिरतंय. लोखंडात नाय फिरायचा." मी खूप चिडले होते. तो पार्ट खरंच फिरला नाही. त्यानंतर मी प्रत्येक ड्रॉइंग शेठच्या आधी मामांना दाखवू लागले, आणि चारचौघांतली 'मॅडम' चारचौघांपुरती राहून एरवी 'काय गो' झाली.

सात वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, गावाला जायची बॅग भरलेली असताना, मामा डोंबिवलीच्या घरी आंघोळीला निघाले आणि मोरीच्या दारात पडले. डावी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला. जूनच्या अखेरीला काठी घेऊन ते घरातल्या घरात चालत होते. हात आला नाही. तो खांद्यापासून खाली नुसता लोंबायचा, आणि मामा त्याच्याकडे असं बघायचे की जणू दुसऱ्या कुणाचं सामान त्यांच्याकडे ठेवायला दिलंय.

मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. दोन खोल्यांचं घर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मामी जाऊन चार वर्षं झालेली. मुलगा महेश सकाळी सातला कामावर जायचा तो रात्री आठला यायचा, सून स्मिता घरी शिवणकाम करायची. मी आपली उत्साहात, म्हणाले, "मामा, बरे व्हा, लेथ वाट बघतोय." ते म्हणाले, "लेथ गेला गो आता. मला खंडेनवमीला गाळ्यात यायचंय. पँट-शर्ट घालून. बटणं माझी मी लावून आणि बेल्ट माझा मी लावून. तेवढा हात आला तर बस."

"मी लावून देते म्हटलं तर ओरडतात," आतून स्मिता म्हणाली.

"सुनेनं सासऱ्याचा बेल्ट लावायचा?" मामा म्हणाले. "तिला चालेल. मला नाय चालत."

निघताना मी दारात चपला घालत होते तेव्हा स्मिता हळूच म्हणाली, "ताई, महेश गेला की तो येईपर्यंत बाबा पाणी पीत नाहीत. संडासला जावं लागेल म्हणून. इलॅस्टिकची पँट दिलीय मी शिवून, पण एका हाताने वर ओढली की एका बाजूला वर येते, दुसऱ्या बाजूला खालीच राहते. मग मला हाक मारावी लागेल ना. म्हणून पाणीच नाही." मी मान हलवली. मला फार वाईट वाटलं, आणि जिना उतरता उतरता मी मशीनचा विचार सुरू केला. हा माझा जुना दोष आहे. कुणाचं दुःख ऐकलं की मला शाफ्ट आणि बेअरिंग दिसायला लागतात, आणि समोरचा माणूस दिसायचा थांबतो.

तीन आठवड्यांत मी हातपेडल केलं. टेबलाला पकडून बसणारं, सायकलच्या पेडलसारखं, फक्त पायांऐवजी हातांनी फिरवायचं. दोन हँडल, त्यांना जोडणारा मधून एकच दांडा, म्हणजे शाफ्ट. डावा हात सुटू नये म्हणून वेल्क्रोचा पट्टा. आणि पुढे एक छोटा काउंटर, हिरव्या आकड्यांचा, प्रत्येक फेरीला एकेक पुढे सरकणारा. काउंटरची कल्पना माझी, आणि तिचा मला फार अभिमान होता. आकडा वाढताना दिसला की माणसाला हुरूप येतो, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे. मला स्वतःलाच आकड्यांचा हुरूप येत होता, ते मला नंतर कळलं.

पहिल्या दिवशी मामांनी ते फिरवलं तेव्हा त्यांचा डावा हात पट्ट्यात बांधलेला वर गेला, पुढे गेला, खाली आला. दोन महिन्यांत तो हात पहिल्यांदा हलत होता. स्मिताने शिवणाचं मशीन थांबवलं आणि पदर तोंडाला लावला. महेशने व्हिडिओ काढला. मी काउंटरकडे बघत होते. वीस, एकवीस, बावीस. मामा तेवढे हसत नव्हते. ते मान तिरपी करून शाफ्टकडे बघत होते. तसे ते बिघडलेल्या मशीनकडे बघायचे.

आठवड्यातून दोनदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी विचारलं, "छान आहे, पण डाव्याने किती जोर लावला हे कसं कळणार?" मी म्हणाले, "एकूण फेऱ्या वाढतायत ना." त्यावर त्या मामांची बोटं एकेक करून उघडायला लागल्या. हाताच्या व्यायामाची वेळ त्यांनी मात्र मशीनला देऊन टाकली. एवढ्या आपुलकीने बनवलेलं मशीन, त्यांना नाही म्हणवलं नसावं.

श्रावणातल्या एका शनिवारी मी गेले तेव्हा मामांनी बोलायला सुरुवात करण्याआधी स्मिताला चहा ठेवायला आत पाठवलं. मग उजव्या हाताने हँडल एकदा गरकन फिरवलं. डावा हात मुकाट्याने एक फेरी मारून आला.

"बघितलंस?"

"काय?"

"काय म्हणून काय विचारतेस? शाफ्ट एक आहे. उजवा ढकलतो, डावा बसून प्रवास करतो. मधून काप त्याला. दोन्हीकडे वेगळं बेअरिंग दे, डाव्याला वेगळा काउंटर लाव. मग कळेल डावा काय करतो ते."

"मामा, मग डाव्याचा आकडा शून्य येईल."

"येऊ दे ना. झिरो सेट केल्याशिवाय कधी जॉब लावलास काय?"

त्यांचं बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की मला वाद घालायलाही जागा नव्हती. पण दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एका मोठ्या हॉस्पिटलच्या खरेदी समितीसमोर हातपेडल दाखवायचं ठरलं होतं. त्यांना घरी वापरलेल्या मशीनची साठ दिवसांची नोंद हवी होती. माझ्याकडे चढत जाणारा सुंदर आकडा होता: दोनशे, दोनशे ऐंशी, तीनशे वीस. शाफ्ट कापला तर नोंद पहिल्यापासून सुरू करावी लागणार, आणि तीही शून्याने. मी म्हणाले, "दसरा होऊ दे मामा, मग कापते. आत्ता मला रिझल्ट दाखवायचाय."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. तीस-पस्तीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस एकदा सांगतो; ऑफिसातून नाही आलं की पुढे काम चालू.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं मी अजूनही कधीकधी स्वतःला सांगून बघते. पण सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी गाळ्यातल्या दुसऱ्या हातपेडलवर बसले होते. डावा हात पट्ट्यात घातला, खांदा पूर्ण सैल सोडला आणि उजव्याने फिरवत राहिले. शंभर फेऱ्या झाल्या. उजवा दंड भरून आला. डाव्या हाताला काहीही झालं नव्हतं, त्याला थोडी झोपच आली होती. मी पट्टा सोडला, हात धुतले आणि डबा उघडला. डब्यात भेंडीची भाजी होती. एवढं आठवतंय म्हणजे ठाऊक होतं.

नोंदीसाठी मी मामांना छापील तक्ता देणार होते, पण त्यांनी गाळ्यातली जॉबकार्डं मागवून घेतली. लेथवर प्रत्येक शिफ्टला भरायचं ते पिवळसर जाड कार्ड. तारीख, काम, नग, सही आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. काम झालं पण सुरी तुटली, माल कडक होता, लाइट गेली होती, असलं काही शेऱ्यात लिहायचं असतं. मामा रोज संध्याकाळी कार्ड भरायचे. 'काम: हातपेडल. नग: ३४०.' खाली सही. आणि शेऱ्यात, रोज, त्याच अक्षरात, 'उजव्या हाताने.'

एक दिवस नाही की त्यांनी ते लिहायचं चुकवलं. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतानाच्या कार्डावरही मोदकाच्या तुपाचा डाग आहे आणि शेजारी 'उजव्या हाताने' आहे.

मी दर शनिवारी कार्डं गोळा करायचे आणि घरी कॉम्प्युटरवर आकडे चढवायचे. तारखेचा रकाना केला, नगांचा केला. शेऱ्याचा केला नाही. मी काही खोटं लिहिलं नाही, फक्त एक रकाना केला नाही. यावर मी स्वतःशी इतकी वर्षं वकिली केली आहे की आता मला माझाच कंटाळा येतो.

ते दिवस आठवले की पितृपक्षातला उकाडा आठवतो. पाऊस गेलेला, वारा आलेला नाही, डोंबिवलीच्या त्या खोलीत पंखा गरम हवा ढवळतोय. खाली कुणाच्या तरी गच्चीवर कावळ्यांसाठी पान ठेवलेलं. स्मिता मला आणि मामांना कोकम सरबत आणून द्यायची. मी गटागटा प्यायचे. मामा पेला उचलायचे, ओठाला लावायचे आणि माझ्या मानासाठी एक घोट घेऊन खाली ठेवायचे. त्यांचे ओठ सुकून सालं निघालेले असायचे. माझ्या पुढ्यात त्या आठवड्याची कार्डं असायची, आणि मी म्हणायचे, "वा मामा, चारशे!" ते म्हणायचे, "तुझं काम होतंय ना?" त्यात टोमणा होता का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

खंडेनवमीला गाळ्यात मामांची सगळे वाट बघत होते. शेठनी त्यांच्या जुन्या लेथचा हार त्यांनीच घालायचा म्हणून बाजूला ठेवला होता. एक वाजला, दोन वाजले. महेशचा फोन आला की बाबा येत नाहीत, पूजा करून घ्या. संध्याकाळी मी प्रसादाचा पुडा घेऊन डोंबिवलीला गेले.

मामा पलंगावर बसले होते. पँट घातलेली, शर्ट घातलेला आणि शर्टाची सगळी बटणं उघडी. बेल्ट पलंगावर सरळ पसरून ठेवलेला. सकाळी नऊपासून प्रयत्न करत होते, स्मिताने सांगितलं. महेश त्यासाठी रजा टाकून घरी थांबला होता. मी लावतो म्हणाला, तर त्याला हात लावू दिला नाही. बाराच्या सुमाराला एक बटण लागलं, ते चुकीच्या काजात. मग त्यांनी तेही काढून टाकलं.

टेबलावर हातपेडल होतं. त्याला झेंडूचा हार, हँडलवर हळदीकुंकवाची बोटं, समोर नारळ. "आज मशीनला सुट्टी," मामा म्हणाले. मग मला त्यांच्या उजव्या हाताच्या पाठीवर कुंकू दिसलं. हळद आणि कुंकू, अगदी मधोमध.

"हे काय मामा?"

"अवजाराची पूजा नाय करायची? ज्यानं काम केलं त्याची केली."

स्मिता हसली. तिला ती गंमत वाटली. "मग डाव्याला पण लावा की बाबा, तो रुसेल," असं म्हणून ती करंडा घेऊन वाकली. मामांना डावा हात मागे घेता येत नव्हता. त्यांनी उजव्याने खांद्यावरचा पंचा ओढला आणि डाव्या हातावर टाकला. पूर्ण झाकला.

स्मिताचा हात तसाच राहिला. मामा माझ्याकडे बघत नव्हते, हे त्यांचे उपकार. मी प्रसादाचा पुडा टेबलावर ठेवला, उशीर होतोय असं काहीतरी पुटपुटले आणि जिना उतरले. लाजेने कान तापतात असं म्हणतात ते खरं आहे. माझे तापले होते, आणि खाली गरब्याला निघालेल्या मुली मला घाम पुसताना बघून बाजूला सरकल्या.

इथे एखाद्या भल्या माणसाने दुसऱ्या दिवशी शाफ्ट कापला असता. मी पुढच्या आठवड्यात समितीसमोर आलेख दाखवला. दोनशेपासून चारशे वीसपर्यंत चढत गेलेली निळी रेघ. कुणीतरी विचारलं, "पेशंटची प्रगती?" मी रेघेकडे बोट दाखवलं. हातपेडल मंजूर झालं. शेठनी पेढे वाटले. माहितीपत्रकासाठी मामांच्या हातांचा फोटो घेतला, चेहरा न दाखवता, आणि त्याखाली मी माझ्या हाताने ओळ लिहिली: 'घरच्या घरी, स्वतःच्या ताकदीवर.' ती पत्रकं अजून आमच्या कपाटात आहेत. मी त्या कपाटातलं काही लागलं तर दुसऱ्याला काढायला सांगते.

मग ऑर्डरी सुरू झाल्या आणि 'दसरा होऊ दे' म्हणता म्हणता पुढचा दसरा आला. त्यानंतर मी शाफ्ट कापला. दोन्हीकडे वेगळं बेअरिंग, वेगळा काउंटर. सुधारित मॉडेल म्हणून त्याचंही कौतुक झालं. दोन्ही हातांची स्वतंत्र मोजणी ही कल्पना कशी सुचली, असं एका डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणाले, "वापरणाऱ्यांशी बोलून." हेही खोटं नव्हतं. मला खोटं न बोलता खोटं वागायची चांगली सवय झाली होती.

त्यातलं पहिलं मशीन मी मामांकडे नेलं. तोवर त्यांचा डावा हात लोंबत नव्हता. तो कोपरात दुमडून पोटाशी आला होता, आणि बोटांची घट्ट मूठ झाली होती. स्मिताने मुठीत हँडल बसवायचा प्रयत्न केला. मूठ उघडेना. जोर लावल्यावर मामांच्या कपाळावर आठी पडली, तेव्हा तिने सोडून दिलं. मामांनी एका बोटाने डाव्या बाजूचा काउंटर पुसला आणि म्हणाले, "हां. आता बरोबर झालंय मशीन."

परतताना मी फिजिओथेरपिस्ट मॅडमना फोन केला. विचारलं, हे वर्षभर आधी दिलं असतं तर? त्या प्रामाणिक बाई होत्या. म्हणाल्या, "सांगता येत नाही. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात, पण काहींचा हात येतो, काहींचा कितीही केलं तरी येत नाही." या 'सांगता येत नाही'मध्ये मी पुढची वर्षं आरामात घर करून राहिले. माझ्या सोयीचं एवढं प्रशस्त घर मला दुसरं मिळालं नसतं.

मामांना गाळ्यात आणायला मग महेश लागला. दर खंडेनवमीला तो त्यांना तयार करून घेऊन यायचा. मामांनी तेवढं सोसायचं ठरवलं होतं. ते एका हाताने लेथला हार घालायचे, शेठ नारळ फोडायचे. हे सगळं मला इतरांकडून कळायचं. मी बाहेर मीटिंगमध्ये असायचे.

लाज दोन तऱ्हेची असते, असं मला वाटायला लागलं आहे. एक चारचौघांत वाटते, ती चार दिवसांत जाते, कारण चौघांना दुसरे विषय मिळतात. दुसरी, जिच्याबद्दल एकाच माणसाला माहीत असतं, आणि तो माणूस कुणाला सांगत नाही. ती जात नाही. मामांनी शेठना सांगितलं असतं, भांडले असते, तर मी माफी मागून मोकळी झाले असते. त्यांनी त्यांचं काम केलं होतं: रोजच्या रोज, शेऱ्यात, लिहून दिलं होतं.

यंदा पंचमीला शेठ म्हणाले, "परबमामांचा महेश नाशिकला गेलाय कामाला. तू डोंबिवलीचीच आहेस. नवमीला येताना त्यांना रिक्षाने घेऊन ये." मी म्हणाले, माझी कल्याणला मीटिंग आहे. शेठ म्हणाले, "पुढे ढकल." मी खूप कारणं शोधली. चाळिशी ओलांडलेल्या बाईने शाळेत न जाण्यासाठी पोटदुखी शोधावी तशी. एकही सापडलं नाही.

म्हणून परवाच्या नवमीला सकाळी मी तो जिना चढले. मधल्या काळात जिन्याला नवा कठडा बसलाय, डाव्या बाजूने. दार उघडंच होतं. स्मिता आता बाहेर नोकरी करते, ती गेलेली होती. मामा खुर्चीत तयार होऊन बसले होते. केस पांढरे, चेहरा उतरलेला, आवाज तोच.

"ये गो. मीटिंग नाय वाटतं आज?"

मी हसायचा प्रयत्न केला. त्यांच्या शर्टाला स्मिताने बटणांच्या मागे टिचबटणं शिवून दिली होती. त्यांनी माझ्यासमोर अंगठ्याने एकेक दाबून दाखवलं, टक टक टक, सगळी. सुईदोऱ्याचं तासाभराचं काम. सात वर्षांपूर्वी त्या घरात शिवणाचं मशीन होतं, शिवणारी होती आणि मी दर शनिवारी तिथे बसून आकडे लिहून घेत होते. मला ते सुचलं नव्हतं.

"बेल्ट तेवढा राहिलाय," मामा म्हणाले. "शेजारचा येतो म्हणाला होता, नाय आला. तू लाव."

ते काठीवर भार देऊन उठले. मग काठी खुर्चीला टेकवली आणि उजव्या हाताने शर्ट वर धरला. मी खाली गुडघ्यावर बसले. बेल्ट पँटच्या मागच्या लुपांतून काढायला मला त्यांच्या कमरेभोवती हात घालावे लागले. पाठीकडे हाडं लागत होती. त्यांची डावी मूठ माझ्या कपाळाजवळ होती, पोटाशी घट्ट, बोटांच्या पेरांवर पावडर लावलेली. मामा मान वर करून समोरच्या भिंतीकडे बघत होते. सुनेच्या हातून नको म्हणणारा माणूस. त्याला कसं वाटत असेल ते मला आत्ता, गुडघ्यावर बसल्यावर, कळत होतं.

सात वर्षं मनात घोकलेलं वाक्य मी तिथेच, खाली बघत बोलले. "मामा, तेव्हा तुम्ही सांगितलं तेव्हाच मी शाफ्ट कापायला हवा होता. मला माहीत होतं. मी मुद्दाम नाही कापला."

आपल्याकडे अशा वेळी मोठी माणसं 'जाऊ दे' म्हणतात. समोरच्याचं बोलणं पुरतं संपायच्या आत म्हणतात. मी त्या शब्दाची वाट बघत बेल्टचं टोक बक्कलमधून ओढून घेतलं.

"हो," मामा म्हणाले. "कापायला हवा होता."

पुढे काही नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण दोन्ही हातांत बेल्ट होता, त्यामुळे ते पुसता आलं नाही.

"एक भोक मागं घे," ते म्हणाले. "आवळतोय."

मी मागं घेतलं.